मागच्या बाकांवरचं आमेन

आमेनबाईचं खरं नाव विचारलं असतं, तर तिच्या सख्ख्या मुलालाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं. कारखान्यात ती आमेनबाई, दूधवाल्याला ती आमेनबाई, आणि पाळकसाहेब एकदा भर उपासनेत चुकून तेच बोलून गेले, तेव्हापासून देवाच्या दरबारातही तिची तशीच ओळख पडली असणार. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत. ती रोखून बघायला लागली की समोरच्याला उगाच वाटायचं, आपण काहीतरी उचललंय आणि हिला ते ठाऊक आहे.

नाव पडलं ते चर्चमधल्या तिच्या कामावरून. त्या चर्चची एक रीत होती. प्रार्थना संपली की सगळी मंडळी आमेन म्हणायची, पण मान कुणी वर करायची नाही. सगळ्यांचं म्हणून झालं की एकाच माणसानं, एकट्यानं, शेवटचं आमेन म्हणायचं. ते कानावर पडलं की मग माना वर, मग दाबून ठेवलेले खोकले, मग बाकांची करकर. म्हणे फार पूर्वी इथले पहिले पाळक आंधळे होते. मंडळीचं म्हणून झालं की नाही, हे त्यांना कळणार कसं? म्हणून मागे बसणाऱ्या एका म्हातारीनं सगळ्यांच्या शेवटी आपलं आमेन म्हणायचं, म्हणजे पाळकांनी समजून घ्यायचं की आता कुणी राहिलं नाही. पाळक गेले, म्हातारी गेली, रीत तेवढी उरली. आमेनबाईला हे काम सासूकडून मिळालं. सासूनं मरताना दागिना-बिगिना काही हातावर ठेवला नाही. एवढंच बजावलं, "घाई करू नकोस. कुणी राहिलं असेल तर थांब."

आणि थांबावं लागायचंच, कारण अगदी मागच्या बाकांवर खालच्या आळीतले लोक बसायचे. त्यांचे आजे-पणजे सरहद्दीपलीकडून इथल्या सूतगिरणीत कामाला आलेले. गिरणीच्या मालकानं त्यांच्यासाठी आळी बांधली, शहरासाठी चर्च बांधलं, आणि दोन्हीकडे जमेल तेवढी काटकसर केली. गिरणीतलं सांडपाणी वाहून नेणारा दगडी पाट त्यानं जमिनीखालून थेट चर्चच्या पोटातून नेला, म्हणजे फरशी धुतलेलं पाणीही त्यातच सोडता येईल. मागच्या बाकांखाली त्या पाटाची लोखंडी जाळी होती. गिरणी बंद पडून जमाना लोटला, पाट कोरडा ठणठणीत झाला. पण आळी राहिली, आणि आळीतली माणसं दर रविवारी येत राहिली.

त्यांचं आमेन उशिरा यायचं. सगळ्यांचं म्हणून झालं, आवाज छतापाशी जाऊन विरला, की मग मागून एक दबकं, लांबवलेलं आमेन यायचं. पुढच्या बाकांवरची बडी मंडळी नाकं मुरडायची. आमेनबाई मात्र त्या आवाजासाठी कान देऊन उभी असायची. त्यांचं आलं की मग तिचं.

खालच्या आळीतली काजवाली तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच शिवणकारखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर. आमेनबाई कॉलरी करायची. आत बकरमचं ताठ कापड घालून, शिवून, उलटवून, हाडाच्या काडीनं टोकं अशी काढायची की बोटाला टोचावीत. काजवाली काजं करायची आणि तोंडात दोरा धरूनही बोलू शकायची. एकीचा नवरा लवकर गेला, दुसरीला नवरा मिळालाच नाही. आमेनबाईचा मुलगा या दोघींच्या मशीनमधल्या कापडाच्या ढिगावरच रांगायला शिकला, आणि आई ओरडली की मावशीच्या पदराआड जायला शिकला.

"तुमच्या आळीचं आमेन काय कासवावर बसून येतं का गं?" आमेनबाई तिला चिडवायची.

"ताई, आम्ही दोनदा म्हणतो," काजवाली म्हणायची. "आधी मनातल्या मनात आमच्या भाषेत, मग तोंडानं तुमच्या. देवाला आमची दोन मिळतात. तुमचं एकच, आणि त्याचीही तुम्हाला घाई."

मग दिवस पालटले. एका रात्रीत नव्हे. एका रात्रीत पालटले असते तर कुणीतरी दचकलं तरी असतं. आधी भिंतींवर सत्तेवर आलेल्या दलाची चित्रं आली, मग चौकाचौकात त्याची पोरं उभी राहिली, मग शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना दलाचे गणवेश शिवायला लागला. कापड जाडं, कॉलर उंच, काजं दुप्पट. काम वाढलं म्हणून सगळ्यांनी आधी देवाचे आभारच मानले. आमेनबाईचा मुलगा दलात भरती झाला. दलाकडून दोन खोल्यांचं घर मिळालं, ज्यात नळ घरातच होता. मुलाच्या गळ्याशी आपण शिवलेली कॉलर ताठ उभी राहिलेली बघून तिला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. कुठल्या आईला वाटला नसता?

चर्चमध्येही फरक पडत गेला. वेदीवर क्रुसाच्या शेजारी झेंडा आला. तो क्रुसापेक्षा उंच होता, पण दांडी तेवढीच मिळाली म्हणे. मग मनोऱ्यावर भोंगा बसला, म्हणजे देशासाठी केलेली प्रार्थना सगळ्या शहराला ऐकू जावी. पाळकसाहेबांनी कशालाच नाही म्हटलं नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, धड राग तरी करता आला असता. आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसणारा, पोरांचे बाप्तिस्मे करताना पाणी आधी कोमट करून घेणारा माणूस. फक्त समोरच्यानं आवाज चढवला की याचा आवाज खाली जायचा.

एका सकाळी खालच्या आळीत ट्रक आले. आमेनबाई तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर होती; कामावर जाण्याआधी दाराची पितळी कडी पुसायला ती थांबायची. काजवाली धावत पायऱ्या चढून आली. डोक्यावरून रुमाल घसरलेला, हातात काहीच नाही. तिच्यामागे दलाचा अधिकारी. तो धावत नव्हता, त्याला घाई नव्हती. पाळकसाहेब दारात आले.

"ही तुमच्या मंडळीतली का?" अधिकाऱ्यानं अगदी सभ्यपणे विचारलं.

पाळकसाहेबांनी काजवालीकडे बघितलं. तिला मंडळीत घेताना, दृढीकरणाच्या वेळी, यांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "उपासनेला येतात," ते म्हणाले. "पण तशा आमच्यातल्या नव्हेत."

काजवालीनं मग आमेनबाईकडे बघितलं. आमेनबाईच्या हातात फडकं होतं. भर बाजारात भाजीवाल्याला आडवं घेणारी ती बाई त्या वेळी मूग गिळून उभी राहिली. काजवाली स्वतःहूनच पायऱ्या उतरली.

खालच्या आळीतल्या लोकांना त्यांच्या देशात परत पाठवलं, असं भोंग्यावरून सांगण्यात आलं. त्यांचा देश म्हणजे कोणता, हे कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्यातला एकही जण कधी तिथे गेला नव्हता. थोड्या दिवसांत कुजबुज सुरू झाली. पलीकडच्यांनी त्यांना घेतलंच नाही. ट्रक दरीत गेले. रस्त्यातच काहीतरी झालं. जो तो दबक्या आवाजात सांगायचा आणि वर म्हणायचा, "आपल्याला काय माहीत!"

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते घडलं. मागची बाकं रिकामी. प्रार्थना झाली, मंडळीनं आमेन म्हटलं, माना खाली. आमेनबाई सवयीनं थांबली. थांबली आणि तिच्या लक्षात आलं, अगं, आता कुणासाठी थांबतेस? आणि तेवढ्यात मागून आमेन आलं.

दबकं. लांबवलेलं. नेहमीएवढंच उशिरा.

मान वर करायची नाही, मागे वळायचं तर नाहीच. तिनं कसंबसं आपलं आमेन म्हटलं, आणि मग सगळ्यांनी एकदम मागे बघितलं. बाकं रिकामी होती. बाकाच्या कडेला कुणाची तरी टोपी राहिली होती, तेवढीच.

ऐकलं सगळ्यांनी. बोललं कुणीच नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आवाज बाकांवरून नव्हे, बाकांखालून येतो, हे हळूहळू लक्षात आलं. त्या जाळीतून गार वारा यायचा; खिडक्या बंद असल्या तरी तिथल्या मेणबत्तीची ज्योत एका बाजूला कलायची. हो, मेणबत्त्याही लागायला लागल्या. ज्यांनी आळीतल्यांच्या शेजारी कधी बूड टेकलं नव्हतं, त्या बायका आता मागच्या बाकांवर फुलं ठेवायच्या, डोळे टिपायच्या आणि हलकं होऊन घरी जायच्या. मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. बिचाऱ्यांचे आत्मे अजून उपासनेला येतात, असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क माया असायची.

पाळकसाहेबांना माया परवडणारी नव्हती. भोंगा चालू असायचा. त्यांनी जाळीवर सतरंजी टाकायला लावली. आमेन सतरंजीखालून यायला लागलं, आणखी घुसमटलेलं, आणखी वाईट. मग त्यांनी पेटीवाल्याला सांगितलं, मंडळीचं आमेन झालं रे झालं की सूर धरायचा, मधे फट ठेवायची नाही. आणि आमेनबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही थांबू नका. तुम्ही थांबता म्हणून ते येतं."

"मी थांबते म्हणून येतं?"

"तसं नव्हे... पण तुम्ही लगेच म्हटलंत तर बरं."

ती लगेच म्हणायला लागली. पेटी दणक्यात सुरू व्हायची, तिच्याखाली तो आवाज दबून जायचा. पण आमेनबाईला तो तळपायाला कळायचा, फरशीतून. घरी येऊन ती चप्पल न काढताच बसून राहायची.

मुलाचंही काहीतरी बिनसलं होतं. त्याची नेमणूक जुन्या गिरणीवर होती. तिथे आता दलाचं गोदाम आहे, असं तो सांगायचा. गोदाम राखणाऱ्याला काय एवढं काम? पण तो यायचा तो विहिरीतून वर काढल्यासारखा. नळाखाली हात धरून उभा राहायचा, पाणी वाहून जायचं. एका संध्याकाळी ती कपडे दोरीवर टाकत होती, तेव्हा तो मागून म्हणाला, "आई, रविवारी तू एवढ्या मोठ्यानं का म्हणतेस?"

"काय?"

"आमेन. भोंग्यातून ऐकू येतं तिकडे. हळू म्हण ना जरा."

"तुला काय त्रास होतो माझ्या आमेनचा?"

"मला नाही," तो म्हणाला, आणि आत गेला. तिनं ओली चादर हातात तशीच धरून ठेवली. मुलाच्या बोलण्यात काहीतरी राहिलं होतं, पण काय ते तिच्या हाताला लागेना.

मग फर्मान आलं. येत्या रविवारी दलाचे कप्तान स्वतः उपासनेला बसणार होते. देशासाठीची नवी प्रार्थना वरून ठरवून आलेली होती, ती पाळकांनी म्हणायची आणि मंडळीनं आमेन म्हणून तिच्यावर मोहोर उठवायची. शनिवारी पाळकसाहेबांनी आमेनबाईला आपल्या खोलीत बोलावून प्रार्थना वाचून दाखवली. वाचताना ते खिडकीकडे बघत होते.

"हे प्रभू, आपल्या देशातून परके दूर केलेस, आपली भूमी निर्मळ केलीस, आपल्या शत्रूंना हाकलून लावलंस, म्हणून आपण सारे आभारी आहोत..."

"थांबा," आमेनबाई म्हणाली. "आपल्या कोण?"

"काय?"

"देवाशी बोलताना आपण 'आमच्या' म्हणतो. तुम्हीच पोरांच्या कानीकपाळी ओरडता, की देवाला 'आपलं पाप' म्हणू नका, त्याचं कुठलं पाप, 'आमचं पाप' म्हणा. मग आता 'आपले शत्रू' कसे झाले? देवाला कधी शत्रू झाले ते?"

"वरून तसंच आलंय."

"म्हणजे देवही दलात भरती झाला म्हणायचा. मापं पाठवा, त्याचीही कॉलर शिवते."

पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद पालथा घातला. "बाई, शब्दांचा कीस पाडू नका. मला हे चर्च वाचवायचं आहे."

"कुणासाठी?"

पाळकसाहेबांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "तुमचं आमेन झाल्याशिवाय इथे प्रार्थना पुरी होत नाही, हे कप्तानांना कुणीतरी सांगितलंय. ते त्याचीच वाट बघणार. तुम्ही म्हटलं नाहीत तर आधी तुमच्या मुलाला विचारतील. घरही त्यांचंच आहे तुमचं. मी काही करू शकणार नाही."

"ते माहीत आहे मला," आमेनबाई म्हणाली. "तुम्ही काही करू शकत नाही, हे मी पायरीवर उभी राहून बघितलंय. आणि माझंही बघितलंय."

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. झोपली नाही, एवढंच. आमेन म्हणजे तसंच होवो. जे झालं ते बरं झालं आणि तसंच होवो, असं म्हणायचं होतं तिला, काजवालीच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून. न म्हणावं तर पोटचा पोर. म्हणावं तर काय उरतं, हे तिला ठाऊक होतं. तोंड उघडेल आणि आवाज निघेल, आणि मग आयुष्यभर तो आवाज आपल्याच घशात राहायला येईल. तिला मुलासाठी जेवढी भीती वाटत होती तेवढीच स्वतःची वाटत होती.

रविवारी चर्च गच्च भरलं. कप्तान पहिल्या बाकावर, टोपी गुडघ्यावर. मुलगा आला नव्हता. गिरणीवर पाळी होती. आमेनबाई आपल्या जागी उभी राहिली. तिच्यामागची बाकं तेवढी रिकामी होती. एवढ्या गर्दीतही तिथे कुणी बसायला धजावलं नव्हतं. फुलं सुकली होती. जाळीतला वारा सतरंजीची कड हळूच उचलायचा आणि खाली ठेवायचा.

पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. भोंग्यातून तिचा एकेक शब्द बाहेर जाऊन परत यायचा, त्यामुळे वाटायचं की बाहेर कुणीतरी दुसराच पाळक तेच म्हणतोय. प्रार्थना संपली. मंडळीनं आमेन म्हटलं, कप्तानांच्या दिशेनं जरा जास्तच जोरात. माना खाली.

पेटीवाल्यानं बोटं सुरांवर ठेवली. पण मूळ रीत अशी की शेवटच्या आमेनशिवाय सूर लावायचा नाही, आणि आज कप्तान ते ऐकायलाच बसलेले. त्यानं बोटं तशीच ठेवली.

आमेनबाईनं तोंड उघडलं. मिटलं.

शांतता पसरली. एवढी माणसं, आणि कुणाच्या श्वासाचाही आवाज नाही. पाळकसाहेबांची मान खाली, हात वेदीच्या कडेवर, बोटं पांढरी पडलेली. मग सतरंजीखालून ते आलं. दबकं, लांबवलेलं आमेन. आज त्याच्यावर पेटी नव्हती, काहीच नव्हतं. पुढच्या बाकावरून कुणीतरी हुंदका गिळला. कप्तानांची मान वर झाली. त्या सगळ्या गर्दीत वर झालेली ती एकच मान.

"पुढे?" कप्तान म्हणाले.

सासूनं सांगितल्यासारखी आमेनबाई थांबली. खरं तर ती धाडसानं थांबली नव्हती. तिला काही सुचतच नव्हतं. पण ती थांबली. शांतता लांबली. इतकी लांबली, जितकी त्या चर्चमध्ये आजवर कुणी लांबू दिली नव्हती. आणि तिच्या तळाशी, जमिनीखालून, कुणीतरी खोकलं.

साधा, ओला, छातीतला खोकला. मग दुसरा. मग एक मूल किरकिरलं आणि कुणीतरी त्याला "श्श" केलं.

आत्मे खोकत नाहीत. आत्म्यांची पोरं किरकिरत नाहीत.

आणि मग खालून एका बाईचा आवाज आला, थकलेला, कुणाला तरी शेजारी विचारावं तसा:

"संपली का प्रार्थना?"

तो आवाज आमेनबाईनं सगळं आयुष्य मशीनच्या खडखडाटातून ऐकला होता. तोंडात दोरा असतानाही तिला तो ओळखू आला असता. भोंग्यातून प्रार्थना खाली पोचत होती, आणि ते सगळे दर रविवारी, जिवंत, तिथे गिरणीच्या अंधारात उभे राहून तिच्यावर आमेन म्हणत होते, आणि ते त्या कोरड्या पाटातून इथवर येत होतं. आमेनबाईचं आमेन कानावर पडलं की त्यांना कळायचं, आता संपलं. आज ते पडलं नव्हतं. आणि इथे लोकांनी त्यांच्या नावानं मेणबत्त्या लावल्या होत्या, कारण जिवंत माणसांपेक्षा भुतांवर विश्वास ठेवणं सोपं गेलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. सतरंजी ओढून बाजूला फेकली. गंजलेल्या जाळीला तोंड लावून, घसा फाटेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "नाही गं! अजून नाही संपली!"

खाली क्षणभर सगळं थांबलं. मग एकदम खूप आवाज आले, त्यांच्या भाषेतले, एकावर एक. त्यातला एकही शब्द मंडळीला कळला नाही, आणि काय म्हणतायत हे प्रत्येकाला कळलं.

त्या दिवशी कुणी काय केलं, याची पुढे खूप वर्णनं झाली, आणि प्रत्येक वर्णनात सांगणारा पहिल्या रांगेत असतो. खरं एवढंच. कप्तान उठले आणि ताडताड बाहेर गेले. बरीच माणसं बाजूच्या दारानं सटकली. कुणाचं दूध गॅसवर राहिलं होतं, कुणाला चक्कर येत होती. पाळकसाहेब वेदीपाशी बराच वेळ तसेच उभे होते. मग त्यांनी समोरचा कागद घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि भोंगा चालू असतानाच म्हणाले, "प्रभू, ते आमच्यातले आहेत. मी खोटं बोललो." आवाज बारीकच होता, पण भोंग्यानं तो सगळ्या शहराला नेऊन पोचवला. मग ते अंगातला झगा सावरत मधल्या वाटेनं चालत आले आणि आमेनबाईला उठायला हात दिला. तिनं तो घेतला. त्यांना तिनं माफ केलं होतं असं नाही, पण तिचे गुडघे उठत नव्हते.

गिरणी लांब नव्हती, मधे एक ओसाड मैदान तेवढं होतं. धुकं अजून उठलं नव्हतं. जे उरले होते ते चालत निघाले, पुढे पाळक आणि आमेनबाई. प्रार्थना संपली नव्हती, म्हणून बोलत कुणीच नव्हतं, माना खालीच होत्या; लांबून बघणाऱ्याला वाटावं, प्रेतयात्रा चाललीय. मैदानाच्या त्या टोकाला, मोठ्या लोखंडी दाराशी, मुलगा एकटा उभा होता. ताठ कॉलर गळ्याशी रुतलेली.

"आई, मागे फिर," तो म्हणाला. "हात जोडतो. कप्तान येतील आता."

"दार उघड."

"काय उघडू? गोदाम आहे. आत कुणी नाही."

आईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं नजर वळवली नाही. तो पाठ केलेलं म्हणत होता, आणि इतके दिवस म्हणून म्हणून त्यावर त्याचा विश्वासही बसत आला असावा.

"आत कुणी नाही," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं, मागच्या लोकांनाही ऐकू जावं म्हणून.

"आहोत रे, बाळा," दाराच्या आतून, अगदी त्याच्या खांद्यामागून, काजवाली म्हणाली.

मुलाचा चेहरा पाण्यावर ओरखडा उठावा तसा मोडला. त्यानं खिशात हात घातला. किल्ली बाहेर आली, पण कुलपात जाईना. मैदानापलीकडून जीपचा आवाज यायला लागला होता. आमेनबाई पुढे झाली, तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून किल्ली फिरवली.